दिल्लीच्या गाडीतली चिरफाड

“वैजू, चिरफाड राहिली की गं आपली!”

गाडीनं भोपाळ सोडलं होतं. आठल्ये सरांनी दशमीचा शेवटचा घास तोंडात टाकला, रुमालाला हात पुसले आणि अगदी सहज हे वाक्य टाकलं. आदल्या संध्याकाळी पुणं सोडल्यापासून मी याच एका गोष्टीपासून पळत होते. आणि रेल्वेच्या डब्यात माणूस पळून पळून पळणार कुठं? दाराशी जा, परत ये, पाणी पी, वरच्या बर्थवर चढ, उतर. काकू दोनदा म्हणाल्या होत्या, “अगं, बूड टेकव की जरा! तुला बघून मलाच गरगरायला लागलंय.”

लोक मला अजून विचारतात, तुमचं आणि आठल्यांचं नेमकं काय बिनसलं होतं. आता मी निवृत्त झाले, कुणाची भीडभाड उरली नाही. ऐका तर.

डॉक्टर आठल्ये म्हणजे आमच्या पुण्याच्या संशोधन संस्थेतले अर्थशास्त्राचे प्राध्यापक. मी कोल्हापूरची मगदूमांची पोर. त्यांच्या हाताखाली पीएच.डी. केली आणि तिथंच एका तात्पुरत्या जागेवर चिकटले. त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे विद्यार्थी काकू म्हणायचो. सर त्या वर्षी निवृत्त होणार होते आणि दिल्लीत एका सरकारी समितीपुढं त्यांना आपला पेपर मांडायचा होता. काकू आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या कामाच्या गावी निघाल्या होत्या. नवी जांभळी नारायणपेठ घेतली होती त्यांनी. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून झालं होतं की ह्यांना दिल्लीनं बोलावलंय.

चिरफाड ही आमच्या संस्थेतली रीत. कुठलाही पेपर बाहेर जायच्या आधी लेखकाच्याच विद्यार्थ्यानं सगळ्यांसमोर उभं राहून तो फाडायचा. लेखकानं बसून, शेवटपर्यंत लढायचं. मध्येच “बरोबर आहे तुझं” म्हणायची सोय नाही. सगळं संपलं की लेखकानं फक्त एक शब्द बोलायचा, ‘टिकला’ किंवा ‘पडला’. मग चहा. विद्यार्थ्यानं हात राखून फाडलं तर सर महिनाभर त्याच्याकडं ढुंकून बघत नसत. या वेळी समितीनं तारीख अलीकडं ओढली आणि गडबडीत चिरफाड राहून गेली.

पेपर साधा होता. पाहणी आणि आकडेमोड मी केली होती, म्हणून त्यावर सरांच्या खाली माझंही नाव होतं. आपल्या देशात माणशी उत्पादन का वाढत नाही, या एका प्रश्नामागं सरांनी जन्म घालवला होता. कारखान्यानं जास्त माल काढला तर त्यातला यंत्रांचा वाटा वजा करायचा, भांडवलाचा करायचा, माणसांच्या संख्येचा करायचा. एवढं करून जे शिल्लक राहतं, ते माणसाचं शहाणपण, असं सर म्हणायचे. आयुष्यभर ती शिल्लक त्यांना शून्याच्या आसपासच सापडली. सहकारी हसायचे. आणि आता, शेवटच्या वर्षी, आमच्या कोल्हापूरकडच्या फाउंड्र्यांमध्ये ती सापडली होती. भट्टी जुनीच, यंत्र एक नवीन नाही, माणसं कमी झालेली, तरी माल तेवढाच. माणशी उत्पादन दीडपट! सर अक्षरशः नाचले होते. समितीही खूश होती. त्या आकड्याच्या जोरावर ती शिफारस करणार होती की कारखान्यांना माणसं कमी करायची मोकळीक द्या, उरलेली आपोआप जास्त काम करतात. सरांना ती शिफारस फारशी आवडली नव्हती, पण ते म्हणायचे, “शिफारस त्यांची, आकडा माझा.”

आणि तो आकडा चुकला होता. हे डब्यात फक्त मला ठाऊक होतं.

“ऊठ,” सर म्हणाले. “चिरफाड बसून करत नाहीत.”

“सर, इथं? लोक आहेत.”

“लोकांसमोरच करायची असते. काय गं, दात पडले की काय तुझे?”

काकू हसल्या. समोरच्या बाकावर साताऱ्याकडचे एक सुभेदार होते, रजा संपवून परत निघालेले. तेही कौतुकानं बघायला लागले. मी वरच्या बर्थची साखळी धरून उभी राहिले. गाडी हलत होती, मीही हलत होते. माझा स्वभाव मुळात आडपडद्याचा नाही. आत दाबून ठेवलं की मला ताप चढतो.

“तुमचा आकडा खोटा आहे, सर,” मी म्हणाले. “म्हणजे चुकलाय. सगळाच.”

सरांनी चष्मा वर सरकवला. त्यांना ही सुरुवात आवडली होती. “वा! कशावरून?”

“गेल्या आठवड्यात मामेबहिणीच्या साखरपुड्याला गेले होते. मामाला आणायला फाउंड्रीच्या गेटवर गेले. आपल्या पाहणीतलाच कारखाना. मी मेन गेटवर वाट बघत उभी, आणि मामा मागच्या बारक्या दारातनं बाहेर.”

“मग?”

“मी विचारलं, तिकडनं कुठनं आलासा? तर म्हणाला, मेन गेट आता कायम नोकरीतल्या लोकांचं. आमी ठेकेदाराकडं. काम तेच, भट्टी तीच, फकस्त नाव दुसऱ्याच्या हजेरीवर.”

मामा पुढं आणखी एक म्हणाला होता. ‘घरात बोलू नगंस, पोरीचा साखरपुडा हाय.’ ते मी सरांना सांगितलं नाही.

“सर, आपला प्रश्न काय आहे? ‘आपल्या हजेरीपटावर आज किती कामगार आहेत?’ कारखान्यानं खरं उत्तर दिलंय. मामा त्यांच्या हजेरीपटावर नाहीच. पण साचे तोच भरतोय. माल मोजताना मामाचा माल मोजला, माणसं मोजताना मामाला सोडला. दीडपट होणार नाही तर काय होईल?”

आमच्या धंद्यात एक गोष्ट फार पवित्र. पाहणीचा प्रश्न एकदा ठरला की बदलायचा नाही, नाहीतर या वर्षाची त्या वर्षाशी तुलना बिघडते. सर तर अभिमानानं सांगायचे की पहिल्या पाहणीपासून त्या प्रश्नातला स्वल्पविरामसुद्धा आपण हलवलेला नाही. प्रश्न तिथंच थांबला आणि कारखाने पुढं निघून गेले.

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण खाली हात मांडीवर वाजायला लागला. “एका मामावरून देशाचा निष्कर्ष काढतेस? हेच शिकवलं मी तुला?”

“मामावरून नाही. मामावरून शंका आली.”

“ठेकेदाराची माणसं झाडलोट करतात, माल चढवतात. मुख्य कामाला त्यांना कोण लावतो?”

“माझा मामा मोल्डर आहे, सर. रस ओततो.”

“एक मोल्डर!”

“बरं, मग खर्च बघा. जिथं जिथं वेतनाचा खर्च उतरलाय, तिथं तिथं ‘इतर खर्च’ चढलाय. त्याच वर्षी.”

“वीज महागली. वाहतूक महागली. इतर खर्चात शंभर भानगडी असतात. पाया कच्चा आहे तुझा, मगदूम!”

चिडले की सर मला आडनावानं हाक मारायचे. आवाज एवढा चढला की बाजूच्या बाकावरची माणसं वाकून बघायला लागली. सुभेदार मला म्हणाले, “बाई, जरा दमानं घ्या. वडीलधारं माणूस हाय.”

“भांडत नाहीयेत हो,” काकू म्हणाल्या. “यांचं हे असंच असतं. घ्या, चिवडा घ्या.” पण त्यांचाही चिवड्याचा हात डब्यातच अडकला होता.

सर रीतीप्रमाणे लढताहेत की खरोखर संतापलेत, मला कळेना. पुढचं बोलावं की गप्प बसावं? साखळी हाताला काचत होती. मला वाटलं, ओढावी धोक्याची साखळी आणि उतरून जावं कुठंतरी रानात.

“सर, मी सगळे कारखाने एकेक करून तपासले,” मी म्हणाले. “जिथं वेतन उतरलं नाही, तिथं उत्पादकता तसूभरही हललेली नाही. एकाही ठिकाणी नाही. विजेचे दर तर सगळ्यांना सारखेच आहेत ना?”

सरांचा मांडीवर वाजणारा हात थांबला. मग हळू आवाजात म्हणाले, “कधी तपासलेस?”

“साखरपुड्याहून आल्यावर. परवा संपलं.”

“परवा आमच्या घरी पेढे वाटत होते. तू आली होतीस.”

“हो.”

“पेढा खाल्लास.”

“काकूंनी तोंडात घातला. मी काय करणार होते?” मी साखळी घट्ट धरली. “सर, सगळं वजा करून जे उरलं होतं ना, ते शहाणपण नव्हतं. आपण न मोजलेली माणसं होती ती.”

झालं. आता त्यांनी एक शब्द बोलायचा होता. मी वाट बघत उभी राहिले. सर खिडकीबाहेर बघत राहिले. टिकला नाही, पडला नाही, काहीच नाही. गाडी झाशीला लागली तेव्हा ते उठले, चपला घातल्या आणि “पाणी आणतो” म्हणून खाली उतरले. पाण्याची बाटली बाकावरच राहिली होती.

गाडी सुटली तरी सर परत आले नाहीत. काकूंनी खिडकीच्या गजांना धरून हाका मारल्या, “अहो! अहो!” मी दाराकडं धावले. फलाटावर नुसती गर्दी मागं मागं जात होती. सर कुठंच दिसेनात. सुभेदार पुढच्या डब्याकडं शोधायला गेले, मी मागच्या. परत आले तर काकू खिडकीशीच उभ्या होत्या.

“आठवडाभर गप्प बसलीस,” त्या म्हणाल्या, “अजून दोन दिवस बसली असतीस तर काय आभाळ कोसळणार होतं? दोन दिवस! तेवढं सुख बघवलं नाही तुला?”

“काकू, त्या आकड्यावर लोकांच्या नोकऱ्या...”

“मला सांगू नकोस लोकांच्या नोकऱ्या. माझं माणूस कुठंय ते सांग.”

खरं सांगते, त्या वेळी मला त्या मामाचाही राग आला, साखरपुड्याचाही आणि माझ्या या तोंडाचा तर सगळ्यात जास्त.

बऱ्याच वेळानं सर आले, सुभेदारांच्या मागून. मागच्या कुठल्यातरी डब्यात चढले होते आणि दोन डब्यांमधल्या दाराशी उभे राहिले होते. शर्टाला धूळ लागली होती. काकू त्यांना काही बोलल्या नाहीत, फक्त त्यांचा हात धरून बसल्या. सुभेदारांनी आपली संत्री सोलून सगळ्यांना वाटली आणि आम्ही ती निमूट खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेस्ट हाऊसवर सर जागेवर नव्हते. काकू म्हणाल्या, “टायपिंगवाला शोधायला गेलेत.” माझ्याकडं न बघताच म्हणाल्या. सर आले ते प्रतींचा गठ्ठा बगलेत मारून. मी मदत करायला एक प्रत उचलली आणि पहिल्याच पानावर थबकले. पेपर तोच होता, आकडा तोच होता. फक्त माझं नाव गेलं होतं. कालपर्यंत दोन नावं होती, आता एकट्या आठल्यांचं.

अंगाची लाही लाही झाली माझी. धुळीत बसून कारखान्यामागं कारखाना पालथा घातला तो मी. आकडेमोड माझी. आणि चूक दाखवली म्हणून मला दुधातल्या माशीसारखी काढून टाकली?

“सर, माझं नाव?”

“दिसतंय मला. निघायचं का?”

“तुम्ही तोच आकडा मांडणार आहात? सगळं कळूनसुद्धा?”

“वैजयंता, रिक्षा खोळंबलीय.”

वैजयंता! एवढ्या वर्षांत त्यांनी मला या नावानं हाक मारली नव्हती. मी ठरवलं, हे आकडा वाचतील त्या क्षणी आपण उठायचं आणि सगळ्यांसमोर बोलायचं. मग नोकरी गेली तर गेली. कोल्हापुरात शिकवण्या घेईन.

समितीची खोली मोठी, गार, जाड पडद्यांची. लांबलचक टेबल, भोवती सात-आठ माणसं, मध्ये अध्यक्ष, एक निवृत्त सनदी अधिकारी. काकूंना आत येता येत नव्हतं, त्या बाहेर हिरवळीवर बाकावर बसल्या. प्रती वाटल्या गेल्या. अध्यक्षांनी सरांची भरपूर स्तुती केली. बोलणं इंग्रजीत चाललं होतं, मी आपलं मराठीत सांगते. सर उभे राहिले. मी खुर्चीच्या कडेवर आले.

“तुमच्या हातातला पेपर माझा एकट्याचा आहे,” सर म्हणाले. “त्यातला मुख्य आकडा चुकीचा आहे. तो परत घ्यायला मी आलोय.”

कुणीतरी कप खाली ठेवला. सरांनी मग सगळं सांगितलं. हजेरीपट, ठेकेदार, इतर खर्च, आणि न बदललेला प्रश्न. माझ्या मांडणीपेक्षा चांगलं मांडलं, एकही पळवाट स्वतःला ठेवली नाही. शेवटी म्हणाले, “प्रश्न मी लिहिला होता. तो बदलायला हवा हे मला दिसलं नाही. पेपर पडला.”

मी तशीच खुर्चीच्या कडेवर. उठायचं कारणच उरलं नव्हतं.

अध्यक्ष गोड माणूस. म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तुमच्या प्रामाणिकपणाला सलाम. पण अहवालाचा मसुदा तयार आहे, शिफारशी ठरल्या आहेत. असं करू, तुमचं नाव आम्ही काढून टाकतो. आकडा ‘उपलब्ध अभ्यासांनुसार’ म्हणून राहू दे. तुम्हालाही त्रास नको.”

“पण तो चूक आहे!”

“थोडंफार इकडंतिकडं चालायचंच.” आणि ते पुढच्या विषयाकडं वळले.

बाहेर आलो. ऊन चांगलंच तापलं होतं. जांभळी नारायणपेठ नेसलेल्या काकू बाकावरून उठल्या. “झालं? काय म्हणाले?”

“माझं नाव काढणार आहेत.”

“मग बरंच की. बोलणी तरी खायला नकोत.”

“अगं, आकडा ठेवणार आहेत!” सर ओरडले. हिरवळीवर ते येरझारा घालायला लागले, इकडून तिकडं, तिकडून इकडं. माळ्यानं पाण्याची नळी बाजूला घेतली. “मला माहीतच होतं. अशा समित्यांवर जन्म काढलाय मी. समितीला आवडलेला आकडा कुणी परत घेतला म्हणून मरत नाही. तो छापून मारावा लागतो. वैजू, कागद आहे?”

“आहे. का?”

“पेपर लिही. आठल्यांचा निष्कर्ष चूक आहे, असा. तुझ्या एकटीच्या नावानं.”

मग डोक्यात प्रकाश पडला. “म्हणून माझं नाव काढलंत?”

“मग काय! पेपरवर तुझं नाव राहिलं असतं तर तूच तुझी चूक दुरुस्त केलीस, एवढंच झालं असतं. दुरुस्ती कोण वाचतं? चिरफाड सगळे वाचतात. नाव घेऊन फाड मला. हात राखू नकोस.”

“सर, लोक मला गुरुद्रोही म्हणतील.”

“म्हणतील. तुला जागा द्यायलाही का-कू करतील. आणि मी कुणालाही काही खुलासा करणार नाही, तूही करायचा नाहीस. माझ्याच सांगण्यावरून लिहिलंस असं कळलं तर संपलंच, मग ते भांडण खोटं.”

“मला नाही जमायचं.”

“काल गाडीत जमलं की.”

“काल तुम्ही समोर होता. तुम्ही लढत होता!” मला रडूच कोसळलं. अशी भर हिरवळीवर, पोरासोरांसारखी हुंदके देऊन रडले मी. मला या माणसाचा भयंकर राग आला होता आणि त्याच्या पाया पडावंसंही वाटत होतं. “तुम्ही पुन्हा कधी मान वर काढाल का? काकूंनी लोकांना काय सांगायचं?”

सर काकूंकडं बघायला धजेनात. काकू मात्र आमच्याकडं बघत होत्या. त्यांना उत्पादकता कळत नव्हती, पण आपल्या नवऱ्याचं काय व्हायचंय ते अचूक कळलं होतं. त्या बाकावर बसल्या. नारायणपेठेचा पदर मांडीवर नीट घेतला आणि मला म्हणाल्या, “बस इथं. डोळे पूस. लिही ते काय लिहायचंय ते. इथंच लिही, माझ्यासमोर.”

मी बसले. सर पाठ फिरवून उभे राहिले आणि तसेच सांगू लागले. एक वाक्य झालं तसे थांबले.

“वाच बघू,” काकू म्हणाल्या.

मी वाचलं, “कोल्हापूरच्या फाउंड्र्यांविषयी आठल्ये यांनी काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे.”

“नुसतं आठल्ये?” काकू म्हणाल्या. “आठल्ये पायलीचे पन्नास सापडतील पुण्यात. कुणी म्हणेल, तो दुसराच कुणीतरी. एवढं मोठं काम करून ठेवलंय यांनी, नाव तरी पुरतं घाल.”

आणि ज्यांना मी इतक्या वर्षांत ‘अहो’ आणि ‘हे’ यापलीकडं काही म्हणताना ऐकलं नव्हतं, त्या काकूंनी मला नवऱ्याचं नाव सांगितलं.

“वामन गणेश आठल्ये,” त्या म्हणाल्या. “लिही.”